नवागत, स्वयंसेवा आणि नागरिक जीवन
रायगड किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाजाच्या स्थलांतराच्या आधारे एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या समाजात बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्या मनुष्यास त्या समाजाचा घटक केव्हा म्हणावे, ह्या प्रश्नास कायदा एक उत्तर देतो आणि समाजजीवन दुसरे देते. कायद्याच्या दृष्टीने नागरिकत्वाची नोंद झाली म्हणजे प्रश्न संपतो. समाजजीवनाच्या दृष्टीने मात्र तो तेथून सुरू होतो. गावच्या सभेत नवागताचे बोलणे ऐकून घेतले जाते काय, सार्वजनिक कामाची जबाबदारी त्याच्यावर सोपविली जाते काय, आणि त्याने तक्रार केल्यास ती उपऱ्याची कुरकुर न मानता नागरिकाची तक्रार मानली जाते काय, ह्या कसोट्यांवर त्याचे खरे स्थान ठरते.

नवागतांना सार्वजनिक जीवनात सामील करून घेण्याचा एक मार्ग म्हणून अनेक देशांत स्वयंसेवेकडे पाहिले जाते. विनावेतन व स्वखुशीने केलेल्या सार्वजनिक कामामुळे नवागतास भाषा येते, ओळखी होतात, संस्थांचा कारभार कळतो आणि यजमान समाजाचा त्याच्यावर विश्वास बसतो, अशी ह्यामागील कल्पना आहे. ही कल्पना चुकीची नाही. पण अपुरी आहे. नवागतांनी स्वयंसेवा केली की नाही, एवढेच पाहून भागत नाही. त्या कामात त्यांना अधिकार किती होता, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. ह्या मुद्द्याच्या स्पष्टीकरणार्थ प्रस्तुत लेखात रायगड किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाजाचे उदाहरण घेतले आहे. किनाऱ्यावर, मुंबईत आणि शेवटी इस्रायलमध्ये असा तीन वेळा हा समाज नवागत ठरला. तिन्ही ठिकाणी त्याला मिळालेले स्थान वेगळे होते आणि ते मिळण्याची कारणेही वेगळी होती.

२. किनाऱ्यावरील स्थान

बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज चौलनजीक नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्यास लागले. त्यांपैकी सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली आणि मृतांना नवगावातच मूठमाती देण्यात आली, असे ही परंपरा सांगते. ह्या घटनेचा काळ निश्चित करण्याजोगा समकालीन पुरावा उपलब्ध नाही, आणि प्रस्तुत विवेचनास त्याची आवश्यकताही नाही. महत्त्वाची गोष्ट ही की, पुढील कित्येक पिढ्यांत हा समाज अष्टागर व आसपासच्या गावांत विखुरला, मराठी बोलू लागला आणि गावांच्या नावांवरून त्याने आडनावे घेतली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, झिराडचे झिराडकर, दिव्याचे दिवेकर अशी ही आडनावे आजही त्या वस्तीची साक्ष देतात.

ह्या समाजाचा मुख्य व्यवसाय तेल गाळण्याचा होता. शनिवारी हे लोक घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ असे नाव पडले. नवागतांच्या सामावणुकीचा एक जुना प्रकार ह्या नावातून दिसतो. त्यांचा धर्म गावकऱ्यांना पुरतेपणी ठाऊक होता असे नव्हे. पण गावाला तेल हवे होते आणि तेल देणारा मनुष्य शनिवारी काम करीत नाही, एवढे गावाने मान्य केले होते. व्यवसायातून स्थान मिळाले आणि आचारातील भिन्नता त्या स्थानाचे एक लक्षण म्हणून स्वीकारली गेली.

ह्या व्यवस्थेत सुरक्षितता होती, तशीच मर्यादाही होती. व्यवसायाने ठरलेले स्थान बदलता येत नाही, आणि त्या स्थानाबाहेरील सार्वजनिक निर्णयांत भाग घेण्याची वाट त्यातून निघत नाही. समाजाचा अंतर्गत कारभार मात्र समाजाच्याच हाती होता. मुकादम, चौगुला, गबाई, काझी अशी पदे होती. ह्या पदांच्या नावांकडे लक्ष दिल्यास असे आढळते की, काही महाराष्ट्रातील गावकारभारातून आली, काही हिब्रू परंपरेतून, तर काही मुसलमानी राजवटीच्या भाषेतून. परकी व्यवस्था आत्मसात करण्याचा पहिला अभ्यास अशा रीतीने आपल्याच समाजाच्या चार भिंतींत झाला.

३. मुंबई : मंडळ चालविण्याचे शिक्षण

अठराव्या शतकाच्या मध्यापासून किनाऱ्यावरील कुटुंबे मुंबईस जाऊ लागली. कित्येकांनी कंपनी सरकारच्या पलटणीत नोकरी धरली. इतर सुतारकाम, गवंडीकाम व पुढे कारकुनीकडे वळले. पलटणीतील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधविले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेवदंडा, अलिबाग, पनवेल येथेही प्रार्थनामंदिरे उभी राहिली.

शहरात गावचे व्यवसायनिष्ठ स्थान उरले नाही. घाणा सुटला आणि त्याबरोबर ‘शनवार तेली’ ही ओळखही मागे पडली. तिची जागा भरून काढण्यास एक नवे साधन मिळाले. सभासद, वर्गणी, अध्यक्ष, चिटणीस, हिशेब व इतिवृत्त ह्यांनी युक्त असे मंडळ, हे ते साधन होय. महाराष्ट्रात ‘सार्वजनिक’ ह्या शब्दास आज जो अर्थ आहे, तो ह्याच काळात घडत होता. १८७० साली पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने आपल्या प्रत्येक सभासदाकडून किमान पन्नास लोकांचे मुखत्यारपत्र मागितले होते. दुसऱ्याच्या वतीने बोलावयाचे, तर प्रथम त्याची संमती घ्यावी, हा विचार त्यामागे होता.

ह्या वातावरणात बेने इस्रायल समाजातही संस्थाजीवन वाढले. हाईम सॅम्युएल किहीमकर (१८३०–१९०८) यांच्या पुढाकाराने १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा सुरू झाली; पुढे ती सर एली कदूरी शाळा ह्या नावाने प्रसिद्धीस आली. किहीमकर यांनी समाजाचा इतिहास लिहून ठेवला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. १९१३ मध्ये स्त्री मंडळ स्थापन झाले. १९१७ मध्ये बेने इस्रायल परिषद भरली आणि १९१८ मध्ये अखिल भारतीय इस्रायल लीग निघाली. काही हजारांच्या समाजात एका वर्षाच्या अंतराने दोन मध्यवर्ती संस्था निघाव्यात, हे काहींना दुहीचे लक्षण वाटेल. तथापि मतभेद झाल्यास दुसरी संस्था काढावी, ठराव मांडावा, मतदान घ्यावे, ही रीत अंगवळणी पडल्याचेही ते चिन्ह होय.

ह्या शिक्षणाचा लाभ समाजापुरता राहिला नाही. लोकमान्य टिळकांच्या बाजूने काम करणाऱ्या वकिलांत डेव्हिड एरुलकर होते. डॉ. अब्राहम एरुलकर हे गांधीजींच्या वैद्यकीय सल्लागारांपैकी एक होते. डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर १९३७–३८ ह्या वर्षी मुंबईचे महापौर झाले, महालक्ष्मीचा डॉ. ई. मोझेस मार्ग त्यांच्या नावाचा आहे. ह्या व्यक्ती अर्थातच अपवादात्मक होत्या. परंतु आपल्या समाजाच्या सभेत बोलणे, हिशेब मांडणे व विरोध सहन करणे ह्यांची सवय झालेल्या मनुष्यास शहराच्या सभेत बोलणे कठीण जात नाही, हा सर्वसामान्य नियम त्यांच्या पाठीशी होता.

४. इस्रायल : पहिल्या दिवसाचे नागरिकत्व

१९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर बेने इस्रायलांचे तिकडे स्थलांतर सुरू झाले. त्या सुमारास भारतात ह्या समाजाची संख्या सुमारे वीस हजार असावी. पुढील दशकांत त्यांतील बहुसंख्य कुटुंबे बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा शहरांत वसली. रायगड किनाऱ्यावर मोजकीच घरे राहिली. २०११ च्या जनगणनेत सबंध भारतात ज्यूंची संख्या साडेचार हजारांच्या थोडी वर भरली.

कायद्याच्या दृष्टीने ह्या नवागतांची स्थिती अत्यंत अनुकूल होती. १९५० च्या परतीच्या कायद्याने त्यांना येण्याचा हक्क दिला आणि १९५२ च्या कायद्याने आल्याबरोबर नागरिकत्व मिळू लागले. वर्षानुवर्षे वाट पाहण्याची किंवा परीक्षा देण्याची आवश्यकता नव्हती. नागरिकत्व आणि सहभाग ह्यांत केवढे अंतर असू शकते, हे पाहण्यास म्हणूनच हे उदाहरण उपयुक्त आहे. येथे कागदाची अडचण नव्हती. जी अडचण होती ती कागदापलीकडची होती.

नवागतांच्या व्यवस्थेचे काम ज्यू एजन्सी ही संस्था पाही. घर, काम, भाषावर्ग, कर्ज ह्यांचे वाटप तेथून होई. लक्षावधी निर्वासितांना थोड्या अवधीत आसरा देण्याचा तो काळ होता आणि साधने अपुरी होती, हे लक्षात घ्यावयास हवे. तरीही ह्या व्यवस्थेत नवागत हा केवळ घेणारा ठरला. मुंबईत शाळेच्या समितीवर बसलेला, प्रार्थनामंदिराचे हिशेब पाहिलेला मनुष्य येथे रांगेत उभा राहिला आणि त्याला काय येते हे कोणी विचारले नाही. शिवाय वर्ण व मूळ देश ह्यांवरून कमी लेखले जाते, अशीही तक्रार होती. नोव्हेंबर १९५१ मध्ये बीरशेबा येथील काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये एजन्सीच्या कार्यालयापुढे ठिय्या दिला व भारतात परत पाठविण्याची मागणी केली. १९५२ मध्ये त्यांच्यापैकी काहींना परत पाठविण्यात आले. त्यांतील अनेक पुढे पुन्हा इस्रायलला गेले. देश नकोसा झाला होता असे नव्हे, तर तेथे मिळालेले याचकाचे स्थान नकोसे झाले होते, हे ह्या परतण्यावरून अनुमानता येते.

अशाच परिस्थितीचा दुसरा एक परिणाम मानववंशशास्त्रज्ञ गिल्बर्ट कुशनर यांनी भारतातूनच गेलेल्या कोचीन ज्यूंच्या एका सहकारी खेड्याच्या अभ्यासात नोंदविला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात अशा खेड्यास ‘प्रशासित समुदाय’ म्हटले आहे. तेथे बाहेरून नेमलेले मार्गदर्शक शेती, हिशेब, सभा व निवडी ह्या सर्वांत लक्ष घालीत. रहिवाशांनी स्वावलंबी व्हावे असा उद्देश असूनही, व्यवहारात निर्णय मार्गदर्शकाच्या हाती राही आणि रहिवासी त्याच्याकडे पाहत राहत. सद्हेतूने केलेले साहाय्य सहभागास कसे मारक ठरते, ह्याचे ते बोलके उदाहरण होय.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या लोद व रामला शहरांत ही कुटुंबे वसली, तेथील अरब रहिवाशांपैकी बहुतेकांना १९४८ च्या युद्धात शहर सोडावयास भाग पाडण्यात आले होते. एकाच्या सामावणुकीचा विचार करताना दुसऱ्याच्या बेदखलीचा विसर पडू नये, ही दक्षता नागरिकत्वाच्या प्रत्येक अभ्यासकाने बाळगणे आवश्यक आहे.

५. तक्रार हाही सहभाग

१९६१–६२ च्या सुमारास इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना असा आदेश दिला की, बेने इस्रायल व्यक्तीचा अन्य ज्यू समाजातील व्यक्तीशी विवाह व्हावयाचा असल्यास तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. शतकानुशतके इतर ज्यूंपासून दूर राहिलेल्या ह्या समाजात विवाह व घटस्फोट धर्मशास्त्रानुसार झाले असतील काय, ही शंका त्यामागे होती. बेने इस्रायलांच्या दृष्टीने तो सबंध समाजाचा अपमान होता. नागरिक म्हणून त्यांचा स्वीकार झाला होता, पण वधूवर म्हणून ते संशयित ठरले होते.

त्यानंतरची चळवळ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मननीय आहे. निरनिराळ्या शहरांत विखुरलेल्या कुटुंबांनी कृती समिती स्थापिली. सभा झाल्या, अर्ज गेले, वृत्तपत्रांतून बाजू मांडली गेली. १९६४ च्या उन्हाळ्यात शेकडो स्त्रीपुरुषांनी मुलाबाळांसह जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे व इतरांइतकेच हक्क असणारे नागरिक असल्याचे घोषित केले. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने आदेशातील समाजाचा नामनिर्देश काढून टाकला.

ही चळवळ पगारी कार्यकर्त्यांनी चालविली नव्हती. घरोघर जाऊन सह्या घेणे, वर्गणी जमविणे, पत्रके काढणे, ठिय्यास बसलेल्यांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था करणे ही अशा प्रत्येक चळवळीतील कामे स्वयंसेवेनेच होत असतात. मंडळ चालविण्याचे जे शिक्षण मुंबईत मिळाले होते आणि सत्याग्रहाची जी रीत स्वदेशी पाहिली होती, ती येथे कामास आली. नवागतांच्या स्वयंसेवेचा विचार करताना रुग्णालयातील सेवा किंवा वृक्षारोपण हीच उदाहरणे सामान्यतः दिली जातात. हक्कांसाठी केलेले संघटित काम त्यात धरले जात नाही. परंतु १९५१ चा ठिय्या ‘आम्हांला परत पाठवा’ ह्यासाठी होता आणि १९६४ चा ‘आम्हांला समान माना’ ह्यासाठी होता. पहिल्या मागणीत देशाशी संबंध तोडण्याची इच्छा होती, तर दुसरीत तो पक्का करण्याची. नवागत नागरिक झाला, ह्याचे ह्याहून स्पष्ट गमक सापडणे कठीण आहे.

६. आतले काम आणि बाहेरचे काम

रॉबर्ट पुटनम यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सामाजिक संबंधांचे दोन प्रकार सांगितले आहेत : समानधर्मी माणसांना एकत्र बांधणारे आणि भिन्न समूहांना जोडणारे. नवागतांच्या मंडळांवर असा आक्षेप घेतला जातो की, ती पहिल्या प्रकारचे संबंध दृढ करतात व त्यामुळे दुसऱ्या प्रकारचे संबंध क्षीण होतात. आपल्याच भाषेच्या मंडळात रमलेला मनुष्य यजमान समाजात मिसळत नाही, असे ह्या आक्षेपाचे तात्पर्य.

बेने इस्रायलांच्या अनुभवावरून हा आक्षेप सरसकट मान्य करता येत नाही. इस्रायलमध्ये त्यांनी आपली प्रार्थनामंदिरे उभारली, मलिदाचा विधी चालू ठेवला, महाराष्ट्र दिन साजरा केला आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालविले. हे सर्व आतले काम होय. त्याच वेळी क्रिकेटसारख्या खेळाने बाहेरची वाट उघडली. लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा येथील क्रिकेट संघांत भारतीय वंशाच्या खेळाडूंचा भरणा होता, आणि १९६८ मध्ये स्थापन झालेल्या इस्रायल क्रिकेट असोसिएशनमध्ये त्यांना दक्षिण आफ्रिका व ब्रिटन येथून आलेल्यांबरोबर काम करावे लागले. सामने ठरविणे, मैदान मिळविणे, नगरपालिकेकडे जाणे, पंच नेमणे ह्या कामांत खेळापेक्षा नागरिकशास्त्राचे धडे अधिक असतात. मागील विवेचनात आलेले १९६४ चे उदाहरणही हेच दर्शविते. आतले संघटन नसते, तर संसदेपर्यंत जाण्याचे बळ कोठून आले असते ?

तथापि आक्षेपात तथ्य मुळीच नाही असेही नव्हे. शलवा वाईल यांनी १९७० च्या दशकात लोद येथील बेने इस्रायलांचा जो अभ्यास केला, त्याचा विषयच वांशिक अस्मितेचे टिकून राहणे हा होता. आपल्या मंडळाचे अध्यक्षपद मिळाले म्हणजे नगरपालिकेच्या निवडणुकीस उभे राहण्याची गरज वाटेनाशी होते, असा धोका सर्वच नवागत समाजांत संभवतो. म्हणून आतल्या मंडळाचे मूल्यमापन करताना एकच प्रश्न विचारावा : तेथे तयार झालेल्या माणसांपैकी काही बाहेरच्या कामात जातात काय ?

७. साहाय्य कसे असावे

वरील विवेचनावरून नवागतांना साहाय्य करणाऱ्या संस्थांसाठी काही सूत्रे काढता येतात. पहिले सूत्र असे की, नवागतास काय हवे हे विचारण्याबरोबरच त्याला काय येते हेही विचारावे. दुसरे असे की, काम देताना अधिकार द्यावा. खुर्च्या मांडण्याचे काम वर्षानुवर्षे एकाच समूहाकडे आणि हिशेबाची वही दुसऱ्याच समूहाकडे राहिली, तर त्यास सहभाग म्हणता येणार नाही. तिसरे असे की, भाषा येण्याची वाट पाहत बसू नये. ज्या भाषेत मनुष्य विचार करतो त्या भाषेत प्रथम काम सुरू व्हावे, म्हणजे यजमानांची भाषा कामाच्या ओघात येते. चौथे असे की, स्वयंसेवेस पात्रतेची परीक्षा बनवू नये. स्थानिक मनुष्याने सार्वजनिक काम केले नाही, तरी त्याच्या नागरिकत्वाविषयी शंका घेतली जात नाही. मग नवागताच्या बाबतीत ती अट का असावी? पाचवे सूत्र वेळेविषयी आहे. दोन पाळ्या काम करणाऱ्या मजुराजवळ संध्याकाळ उरत नाही. त्याने स्वयंसेवा केली नाही ह्याचा अर्थ त्याला आस्था नाही असा होत नाही.

ही सूत्रे दूरदेशापुरती नाहीत. ज्या किनाऱ्यावरून बेने इस्रायल गेले, त्याच किनाऱ्यावर आज नवे लोक येत आहेत. उरणचे बंदर, थळचा खतकारखाना, डोलवीचा पोलादाचा कारखाना, मासेमारीच्या बोटी व बांधकामे ह्यांच्या निमित्ताने परप्रांतीय कामगार येथे राहतात. उलट ह्याच जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांसाठी दर वर्षी गाव सोडतात आणि स्वतःच्या जिल्ह्यातच उपरी ठरतात. ह्या सर्वांचे गावातील स्थान ‘शनवार तेल्यां’प्रमाणे केवळ कामावरून ठरते : तो खलाशी, तो गवंडी, तो भट्टीवाला. जुन्या गावगाड्यात असे स्थान पिढ्यान्‌पिढ्या टिके. आजच्या हंगामी व कंत्राटी कामात तेवढीही शाश्वती नाही. गावची शाळा व्यवस्थापन समिती, पाणीपुरवठ्याची समिती, वाचनालय, उत्सवमंडळ ह्यांत अशा माणसांस जबाबदारीचे स्थान मिळते काय, हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष पाहणी करण्याजोगा विषय आहे.

८. निष्कर्ष

रायगड किनाऱ्यावर बेने इस्रायलांना व्यवसायाने स्थान दिले, मुंबईत मंडळाने आवाज दिला आणि इस्रायलमध्ये त्या आवाजाच्या बळावर त्यांनी हक्क मिळविला. ह्या तिन्ही टप्प्यांवरून असे दिसते की, स्वयंसेवा नवागतास नागरिक जीवनात आणू शकते. परंतु त्यासाठी ती त्याच्या हातची असावी लागते. दुसऱ्याने आखलेले, दुसऱ्याने तपासलेले व दुसऱ्याच्या समाधानासाठी करविलेले काम कितीही उपयुक्त असले, तरी त्याने मनुष्य उपकृत होतो, सहभागी होत नाही. अलिबागच्या इस्रायल आळीत समाजाची वस्ती आता नाममात्र उरली आहे. ती आळी वसली तेव्हा गावाने नवागतांना शनिवारची सुटी मान्य केली होती. आज येणाऱ्यांना तोच किनारा सभेतील जागा मान्य करतो काय, ह्याचे उत्तर पुढील पाहणीतून मिळावयाचे आहे.